अक्काच्या बकऱ्या आणि शून्य गुण

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज नरडाण्याला माझ्या अक्काचा दहावा झाला. तिथे तिचे जुने गणिताचे सर तिच्या मुलीला म्हणाले, “तुझी आई गणितात कच्चीच होती.”

एकोणनव्वद साली अक्का नववीत होती. सरांनी तिला फळ्याजवळ बोलावून गणित घातलं: कोंबड्या-बकऱ्यांची मिळून डोकी वीस, पाय छप्पन्न, बकऱ्या किती? तिने क्ष आणि य मांडलेच नाहीत.

“सर, बकरी पाला खावाले दोन पायवर उभी ऱ्हास,” ती म्हणाली. सगळ्या उभ्या केल्या, तर चाळीस पाय जमिनीवर, सोळा हवेत. एकेकीचे दोन, म्हणून बकऱ्या आठ.

सर म्हणाले, “जा, बकऱ्याच चारत बस!” वर्ग हसला. गुण शून्य. अक्का पुन्हा फळ्याजवळ गेली नाही.

आज घरी येऊन भाचीला अक्काची रीत सांगितली.

“मामा, उत्तर तर बरोबर आहे. मग आई कच्ची कशी?”

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?