भात वाढला

डिसेंबरातली सकाळ, त्यात आभाळ आलेलं. नळाखाली हात धरला की बोटं आपली वाटत नव्हती. अंजनाबाईचे तांदूळ धुऊन झाले होते, वांगी चिरून पाण्यात पडली होती. आता सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी झटकून ती विळीवर बारीक कापत होती.

"बाई, आज तरी मले कापू द्या," भाकरी थापता थापता इंदूबाई म्हणाली. "सत्कार तुमचा हाय का सांबाराचा?"

"तुह्या हातचा सांबार जाडा राह्यते. थाप तू."

खानावळीसमोर मांडव उभा होता. मांडवापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे मोठ्या दवाखान्याचं फाटक. मोहल्ल्यातले सगळे सत्कार ज्यांच्या अंगावर असत ते औषधाच्या दुकानाचे भैयाजी मानपत्राची चौकट काखेत मारून आत आले.

"ऐका अंजनाबाई. 'जिच्या चुलीपाशी बावीस वर्षांत संपलं हा शब्द कोणी ऐकला नाही...' कसं काय?"

विळी थांबली.

"ते तेवढं काढा नं भैयाजी."

"काहून? तोच तं जीव हाय त्याचा! अन् आता काचेत बसला, निंगत नाई."

तो शब्द टाळायची रीत कुहीकडची, धानाच्या मुलखातली. अंजनाबाई धानाच्या घरात नांदायला गेली तेव्हा सासूनं शिकवलं होतं, "धानाले कान असते. संपलं म्हनू नये, रुसते. वाढलं म्हनावं." दिवा विझवत नाहीत, वाढवतात, तसंच. पुढं नवरा समोरच्या दवाखान्यात सव्वा महिना पडला. तिनं फुटपाथवर तीन दगड मांडून भात शिजवला, तर आजूबाजूच्या खाटांवरच्या रोग्यांच्या माणसांनीही ताटं पुढं केली. नवरा घरी गेला नाही. मग तीही गेली नाही. तीन दगडांची टपरी झाली, टपरीची खानावळ. कोणत्या वार्डात कोणाला बिनमिठाचं लागतं, कोणाची खिचडी पातळ हवी, हे तिला डब्याच्या झाकणावरून कळायचं. गावाकडून आलेली माणसं तिच्याकडं पिशव्या ठेवत, आंघोळीला पाणी मागत, आणि वेळ आली की तिच्याच मोरीपाशी बसून रडत.

आणि चार वर्षांमागं रुखमाबाई आली होती. नरखेडकडची म्हातारी, संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी. नवऱ्याला समोरच्या दवाखान्यात भरती केलेलं. दुपारचे तीन वाजले होते, पातेली घासायला पडलेली, अंजनाबाईचं डोकं ठणकत होतं.

"बाई, भात हाय का?"

"वाढला वं माय, वाढला," म्हणत अंजनाबाई आत जाऊन आडवी झाली.

तासाभरानं उठून बाहेर येते तर म्हातारी हात धुऊन मागच्या बाकावर तशीच बसलेली. समोर रिकामी जागा.

"काहून बसली वं?"

"तुमीच म्हनलं नं वाढला. मले वाटलं, आनून राह्यल्या."

अंजनाबाईनं कपाळावर हात मारला अन् तांदळाच्या डब्याकडं वळली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको धावत आली. रुखमाबाईचा नवरा गेला होता. जाताना तिचं नाव घेत होता म्हणे. म्हातारी उठली आणि दाराशी वळून म्हणाली, "ताट नका करू बाई. माह्यासाठी थांबू नका."

रुखमाबाईनं रागही धरला नव्हता, हेच अंजनाबाईला झोंबत राहिलं. तिनं दोनदा बसस्टँडवर जाऊन नरखेडची एसटी विचारली. दोन्ही वेळा गाडी लागली, ती चढली नाही. आणि शब्द? तो तर तिनं तसाच चालू ठेवला. लोकांना आवडत होता. कोणी कौतुक केलं की ती मान खाली घालून हसायची.

अकरा वाजता तिला शालीत गुंडाळून माइकपुढं उभं केलं.

"मी एका बाईले उपाशी ठेवलं," ती म्हणाली. "भात वाढला म्हनलं, मनजे संपला. तिले वाटलं, ताट येते. ते बसून राह्यली."

मांडवात हशा पिकला. भैयाजी तर मांडीवर थाप मारून हसले.

"हासू नका," अंजनाबाईचा आवाज फाटला. "तिचा मालक तिकडं तिले हाका मारत गेला. अन् ते इथं माह्या भाताची वाट पाहून राह्यली होती."

मग भैयाजींनी माइक घेतला. "पाहा! केवढं निर्मळ मन!" टाळ्या सुरू झाल्या. हशापेक्षा त्या टाळ्याच तिला जास्त लागल्या.

चौकट खुर्चीवर ठेवून ती खाली उतरली. दाराशी कापडी पिशवी घेतलेला एक माणूस घोटाळत होता. मांडवातल्या मंडळींना वाढता वाढता पहिलं पातेलं रिकामं झालं होतं.

"माय, भात हाय का?"

इंदूबाई सवयीनं बोलून गेली, "वाढ..."

"संपला," अंजनाबाई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. मांडवातल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. भैयाजी हातात माइक धरून पाहतच राहिले. "संपला गा दादा. आता टाकतो. वीस मिनिटं लागतीन. पेशंटपाशी कोनी हाय का?"

"नाई. एकटाच हाय तो."

"मंग इथं बसू नको. जा त्याच्यापाशी. वार्ड सांग, मी डबा घेऊन येतो."

त्यानं वार्ड सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला, शाल काढून खुंटीला अडकवली आणि तांदूळ धुवायला नळ सोडला.