प्रयोगशाळेतलं पिल्लू

माझी मुलगी तिच्या पहिल्या वर्षात शाळेच्या प्रयोगशाळेतलं दूध प्यायली. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग काळजीने तिच्याकडे बघतात. ती आता कॉलेजात जाते, ठणठणीत आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही नाशिकला द्वारका चौकाजवळ राहायचो आणि मी ओझरच्या एका शाळेत शिकवायला जायचे. जुई जन्मापासूनच अशक्त. पावडरचं दूध देऊन पाहिलं, तर जुलाबांनी ती अशी गळून गेली की सलाईन लावावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, अजून काही महिने आईचंच दूध द्या. माझी रजा तर संपत आलेली. मी नोकरी सोडायला निघाले होते. देवळ्याहून आलेल्या सासूबाईंनी मला अडवलं. दूध काढून ठेव, मी वाटी-चमच्याने पाजते, असं म्हणाल्या.

मग मी आणि विलास, म्हणजे माझे यजमान, पंप आणायला मेडिकलात गेलो. गर्दी ओसरेपर्यंत आम्ही खोकल्याची औषधं बघत उभे. शेवटी विलासने काउंटरवर वाकून दुकानदाराच्या कानात सांगितलं. दुकानदाराने ते तितक्याच गुप्तपणे माळ्यावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "अरे, आईच्या दुधाचा पंप टाक खाली!" बाहेरच्या रिक्षावाल्यानेही मान वळवली.

दोन प्रकार निघाले. एक काचेचा, मागे रबरी फुगा, जुन्या ट्रकच्या भोंग्यासारखा. दुसरा प्लास्टिकचा, दांडा दाबायचा. भोंग्याची धास्ती वाटून आम्ही दांड्याचा घेतला. (वाजणारा हाच आहे, हे घरी आल्यावर कळलं.) दांडा दाबला की 'चीं' आणि सोडला की 'चुईं'. सासूबाई दचकून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे? विलास शिलाई मशीनचं तेल घेऊन धावला, तेव्हा लेकराच्या दुधात तेल घालतोस का, म्हणून त्याला आईची बोलणी बसली. पंप तसाच वाजत राहिला.

शाळेत आतून कडी लागणारी एकच खोली होती, प्रयोगशाळा. ती एरवी बंदच असायची. मधल्या सुट्टीत मी तिथे जायचे, हाडांच्या सापळ्याकडे पाठ करून बसायचे आणि दूध काढून बर्फाच्या थर्मासात ठेवायचे. पहिले काही दिवस जेमतेम तळ झाकेल एवढंच निघायचं. घरी जुई भुकेने रडत असेल या विचाराने हात आणखी घाईने चालायचे, आणि घाई केली की दूध आणखी आटायचं. मी तिथे बसून अनेकदा रडले आहे. सापळ्याशिवाय ते कुणाला माहीत नाही.

इकडे बाहेर वेगळंच चाललेलं. सातवीच्या मुलींनी 'चीं चुईं' ऐकलं आणि आत चिमणीचं पिल्लू अडकल्याचं ठरवून टाकलं. दाराशी बाजरीचे दाणे आणि झाकणात पाणी दिसू लागलं. मला वाटलं, उंदरांसाठी कुणीतरी काही ठेवलं असेल, म्हणून मी ते ओलांडून आत जायचे. शेवटी मुली हेडसरांकडे गेल्या आणि पिल्लू मरेल म्हणून रडल्या.

हेडसर म्हणजे गांगुर्डे सर. निवृत्तीला आलेले, फार कमी बोलणारे. त्या दिवशी दारावर थाप पडली, तेव्हा माझा हात दांड्यावर होता.

"आत कोण आहे?"

"मी आहे सर."

"मॅडम, पिल्लू सापडलं का?"

मी पदर सावरला, थर्मास उचलला आणि दार थोडंसं उघडलं. सरांच्या मागे अख्खा वर्ग उभा होता. तोंडातून निघून गेलं, "सर, पिल्लू घरी आहे. पाच महिन्यांचं."

सर थर्मासकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू चूक चष्म्याचीच होती, आणि मुलींकडे वळले.

"पिल्लाची आई आत आहे," ते म्हणाले. "तिला कुणी त्रास द्यायचा नाही. चला, वर्गात."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात कुणी फिरकेना. प्रयोगशाळेत एक पाठ टेकायची खुर्ची आली. ती कुणी ठेवली हे मी विचारलं नाही, सरांनीही सांगितलं नाही. का कोण जाणे, त्यानंतर दूध भरपूर येऊ लागलं. जुईच्या गालांवर मांस चढलं. सातवीच्या मुली मात्र दाणे ठेवायच्या थांबल्या नाहीत. आईलाही भूक लागत असेल, असं त्यांचं म्हणणं.

पुढे तपासणीला साहेब आले. तालुक्यातल्या सगळ्या प्रयोगशाळांना कोळ्यांची जाळी लागलेली आणि आमच्या टेबलावर धुळीचा कण नाही, हे बघून ते चकित झाले. मी रोज तिथे असते हे त्यांना शिपायाकडून कळलं. कोणता प्रयोग करता, असं त्यांनी विचारल्यावर मी खाली मान घालून म्हणाले, "हवेचा दाब." हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले.

साहेबांनी लगेच मला तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांपुढे व्याख्यान द्यायला उभं केलं. विषय होता प्रयोगशाळेचा नियमित वापर. टाळ्या बऱ्या पडल्या. मी शाळेत मराठी शिकवते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलंच नाही.