दिवा लागल्यावरचं विरजण

समोरच्या अंगणात तुळशीपुढे दिवा लागला, की वातीचा तेलकट वास माझ्या पडवीपर्यंत येतो. त्या वासाबरोबर लाटंबार्शे गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं, आणि दारात रिकामी वाटी घेऊन उभी असलेली शेजारची सुभद्राकाकी.

काकी घरात एकटीच. ती विरजण मागायला यायची, तीही नेमकी दिवा लागल्यावर. दिवेलागणीनंतर दही घराबाहेर देत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"दिवो लागलो गे काकी, आता दही कसा देव?" आई म्हणायची. "बस जरा. सकाळी चेडवाकडे धाडतंय."

"इसारलंय बघ," म्हणत काकी चुलीपाशी टेकायची. मग काजूचा मोहर, भातावरची कीड, कुणाचं तरी लग्न. आईच्या भाकऱ्या संपायच्या, बोलणं संपत नसे. सकाळी मी विरजण घेऊन गेले, की हातावर खोबऱ्याची वडी ठेवून ती मला शाळेतलं सगळं विचारत बसायची. म्हातारी भारीच विसराळू, असं मला तेव्हा वाटे.

आता मी डिचोलीत राहते. हे गेले, मुलगी दुबईला. काल फ्रीजमध्ये दही असूनही मी वाटी घेऊन समोर निघाले. बेळगावकडची ती तरुण शेजारीण तुळशीपाशी अजून वात वळत होती.

मी वाटी पदराआड धरली आणि तिने काडी ओढेपर्यंत फाटकाशीच थांबले.