मॅडमचा वावर

मॅडम नकाशा बघताना चष्मा कपाळावर चढवायच्या आणि स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवून म्हणायच्या, "थांब, तिला बोलू दे." ती म्हणजे कासवीण.

डोंबिवलीच्या कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मोहने गावाजवळ उल्हास नदीतल्या कासवांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या गटात येऊन दाखल झाल्या. कासवांच्या पाठीवर आम्ही छोटी यंत्रं चिकटवली होती. कासवं कुठे आहेत हे यंत्रं कळवायची आणि त्यांचा वावर कुठवर आहे ते सॉफ्टवेअर नकाशावर रंगवून दाखवायचं; जिथे जास्त वेळ, तिथे रंग गडद. "आणि हे फुकट मिळतं," असं मी एकदा कौतुकानं म्हणाले.

"फुकट नाही गं, लोकांनी मिळून लिहिलंय, सगळ्यांचं आहे," मॅडम म्हणाल्या.

पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. मोबाईल घेऊन महिनाभर हिंडल्या. घर, भाजीवाला, वाचनालय, एवढाच रंग आला. "कासवाचा संसार माझ्यापेक्षा मोठा आहे," म्हणून पोट धरून हसल्या.

कासवांचं पहिलं चित्र तर भन्नाटच निघालं. रंग नदी सोडून एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये घुसला होता. तेव्हापासून जमिनीवरचं सगळं कापून टाकायची आम्हाला सवय लागली. एका कासविणीच्या ठिकाणांचे काही ठिपके काठावर पडले, तेही मी पुसायला निघाले.

"थांब. यंत्र चुकलं असतं तर ठिपके विखुरले असते. हे सगळे एकाच जागी आहेत. अगं, हिनं अंडी घातली असणार."

रिक्षा करून आम्ही धावलो. काठावर बांधकामाचं डेब्रिज ओतायला एक डंपर मागे मागे येत होता. मॅडम थेट त्याच्या मागे जाऊन उभ्या.

"काकी, हटा ना. मागे लाईन लागलीय," ड्रायव्हर खाली उतरून वैतागला.

मॅडमनी त्याच्यापुढे लॅपटॉप उघडला. "दादा, हे तिचं घर. आणि ही बाळंतिणीची खोली."

त्यानं नकाशा पाहिला, मॅडमकडे पाहिलं. "आधी सांगायचं ना," म्हणत गाडी वळवली आणि मागच्यांनाही हात करून परतवलं.

आम्ही तिथे कुंपण घातलं. मॅडम रोज सकाळी डोंबिवलीहून येऊन तिथे बसू लागल्या. पिल्लं मातीतून वर आली तेव्हा त्या टाळ्या पिटत होत्या, आणि मी नाचत होते असं लोक सांगतात.

यंदा मॅडम गेल्या. त्यांच्या मोबाईलमधली शेवटच्या वर्षाची ठिकाणं मुलीनं मला दिली. मी ती त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातली. रंग डोंबिवलीतून निघाला तो थेट मोहन्याच्या काठावर पोचला, आणि कुंपणापाशी चांगला गडद झाला.

मी काहीही कापलं नाही.