निवळलेलं पाणी

कासमचाचा रंगारी पाणी गिळायच्या आधी ते जिभेवर धरून थांबायचे. तांब्या कुणाच्याही घरचा असो, यजमान समोर ताटकळत उभा असो, घोट तोंडात गेला की त्यांचे डोळे मिटायचे. मग निकाल लागायचा. हे देवळापुढच्या विहिरीचं, हे पाटलाच्या मळ्यातलं, यात यंदा खार वाढलाय. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातातलं पाणीही त्यांनी असंच चाखलं आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळेमागच्या विहिरीचं पाणी वापरता, म्हणून तुमची डाळ शिजत नाही. डाळ खरंच शिजत नव्हती. मी आपला दोन महिने स्वतःच्या स्वयंपाकाला शिव्या घालत होतो.

ही हकिकत स्वातंत्र्याच्या आधीची, पंधरा-सोळा वर्षं तरी आधीची. अमळनेरहून चोपड्याकडे निघालं की तापीच्या अलीकडे एक गाव लागतं, तिथल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. वय बावीस. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात अब्रू जाते ती माझी, गावाची नव्हे, पण उगाच शोभा नको. शाळेतली शाई संपली होती आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून ती घरीच करायची, एवढं मला ठाऊक होतं. हिराकस कुठे मिळेल असं विचारलं तर जो तो एकाच घराकडे बोट दाखवी. शाई कालवायला पाणी हवं, म्हणून मी शहाण्यासारखा तांब्याही भरून नेला होता.

चाचांच्या ओसरीवर रांगेने डबे होते. हिरव्या खड्यांचं हिराकस काळ्या रंगासाठी आणि माझ्यासारख्या शाईवाल्यांसाठी, निळं मोरचूद गुरांच्या खुरांतल्या जखमांसाठी, गेरू भिंतींसाठी, चुना तर सगळ्यालाच. या सगळ्याला ते दगड म्हणत. "मना घरमा बठ्ठा दगडच शेत," ते सांगत, "पण बसेल दगड एक बी नही." बसून राहिलेला, बिनकामाचा दगड फक्त त्यांच्या बोटात होता. चांदीच्या अंगठीत बसवलेला तांबूस अकीक. तो त्यांना तरुणपणी तापीच्या वाळूत सापडला होता आणि त्याला पैलू पाडून घ्यायला ते पार जळगावपर्यंत चालत गेले होते. बिचाऱ्याला आरामाला ठेवलाय, असं त्याच्याबद्दल म्हणत.

या सगळ्या दगडांत पाटलीणबाईचा मान तुरटीला. चाचा घरात हिंदुस्थानी बोलत आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अस्सल अहिराणी. माझ्याशी मात्र शाळेची मराठी बोलायचा प्रयत्न करत. तुरटीचं माहात्म्य सांगायला लागले की तो प्रयत्न सुटायचा. "बिन तुरटीना रंग म्हंजे पाव्हना. दोन दिन ऱ्हास, मंग चालना जास." कापड ही नवरी, रंग हा नवरदेव आणि तुरटी हा लग्न लावणारा बामण, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यांनी रंगवलेलं लुगडं फाटायचं, विटायचं नाही. शिवाय तुरटी घालून उकळलं की बायकांचे काळवंडलेले तोडे पांढरेफेक होत, दाढी करताना कापलं तर रक्त थांबे, घसा आला तर गुळण्यांना तीच. आणि पाणी. प्रत्येक रंगवलेल्या लुगड्याबरोबर ते तुरटीचा एक खडा फुकट देत. नाल्याकाठच्या आळीतल्या बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणून गढूळ पाणी आणत, त्यात तो खडा फिरवत, आणि घटकाभरात घड्याचा तळ दिसायला लागे. निवळलं ते प्यावं, असं चाचा सांगत आणि गाव ऐके. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

त्या वर्षी ज्येष्ठात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. नाल्याकाठच्या आळीत चार दिवसांत दोन माणसं गेली. त्यातला एक सखूआक्काचा एकुलता एक लेक, तिशीतला, बैलाला शिंगाला धरून बसवील असा गडी. तालुक्याहून औषधवाला आला. त्याला त्या दिवशी आणखी तीन गावं करायची होती. गावात शिकलेला तोंडावळा माझाच, म्हणून त्याने जांभळ्या खड्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. बादलीत विरघळवून देवळापुढच्या विहिरीत ओत म्हणाला. पाणी गुलाबी होईल. तासाभरात रंग उडाला तर समज की घाण शिल्लक आहे, पुन्हा टाक. रंग टिकला तर पाणी बिनघोर प्या. लोकांना आधी सांग, असंही त्याने बजावलं होतं.

ते तेवढं मी केलं नाही. पाटील बाहेरगावी लग्नाला गेले होते, दुपारी येणार होते. सांगत बसलो तर शंभर फाटे फुटतील, असा मी विचार केला. पहाटे उठलो, पुडी बादलीत हाताने कालवली, विहिरीत ओतली आणि मोठं लोकोपयोगी काम केल्याच्या समाधानात घरी येऊन चहा टाकला. चहा उकळतोय तोवर विहिरीवर गलका झाला.

पाणी लाल झालं होतं आणि गावात रंगारी एकच होता. लोकांना दोन्हींचा मेळ घालायला वेळ लागला नाही. नाला आटलेला, रंगाऱ्याला कपडे धुवायला पाणी नाही, म्हणून त्याने विहिरीवरच हंडे खंगाळले. मरीच्या दिवसांत पिण्याचं पाणी नासवलं. बायका रिकामे हंडे घेऊन झिऱ्यांकडे वळल्या, जिथे मेलेल्यांच्या वाकळा धुतल्या होत्या. पुरुष चाचांना घरातून बोलावून विहिरीपाशी घेऊन आले. एवढ्यात दुपारी यायचे ते पाटीलही लवकर परतून गाडीतून उतरले आणि तसेच तिथे आले. मी गर्दीत मागे उभा होतो. बोलायला हवं हे मला कळत होतं. पण पुढच्यांच्या हातात काठ्या होत्या. मी आणखी एक पाऊल मागे सरलो. आज एवढ्या वर्षांनीही हे लिहिताना मला माझी शरम वाटते.

चाचांनी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, थुंकलं. खांद्यावरचा पांढरा रुमाल तीनदा बुडवून, पिळून काठावर उन्हात पसरला. मग मान वर करून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या हातांवर येऊन थांबली. माझी बोटं पहाटेच्या कालवाकालवीने काथ लागल्यासारखी तपकिरी झाली होती. मी ती धोतरात लपवली. ज्याचा जन्म डाग ओळखण्यात गेला त्याच्यापासून मी डाग लपवत होतो.

तोवर रुमालावरचा गुलाबी रंग चहासारखा झाला होता. "रंग मना नही," चाचा पाटलांना म्हणाले. "मना लाल लालच ऱ्हास. हाई काहीतरी दवाई शे." आणि मग माझ्याकडे वळून, जणू आत्ताच सुचल्यासारखं, "मास्तर, तुम्ही शिकेल शेतस. कसानी दवाई शे, लोकेसले सांगा."

मी सांगितलं. पुडी, बादली, तासाभराची गोष्ट, आणि न विचारता टाकलं हेही. पाटलांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पण शेवटी ते म्हणाले, सरकारी विष पोटात घालायची आम्हाला गरज काय? झिऱ्याचं पाणी कासमभाऊच्या तुरटीने काचेसारखं होतं, तेच पिऊ. गर्दीने माना डोलावल्या. घटकेपूर्वी ज्याच्यावर काठ्या उगारल्या होत्या, त्याच्याच तुरटीचा आता जयजयकार चालला होता.

चाचा खुलले. त्यांनाही तेच म्हणायचं होतं. औषध चांगलं आणि तुरटीही चांगली, आत्ता दाखवतो, असं ते म्हणाले. तासाभराच्या गोष्टीतलं मर्म त्यांनी माझ्याआधी पकडलं होतं. रंग टिकणं आणि उडणं हाच तर त्यांचा धंदा. एक तांब्या विहिरीच्या पाण्याचा काठावर ठेवला. दुसरा नाल्याकाठच्या सखूआक्काच्या घरातून आणवला, झिऱ्याचा, तुरटीने निवळलेला. त्याच्या तळाचं कल्हई केलेलं टिकलीएवढं नक्षीकामही दिसत होतं. पुडीच्या कागदाला चिकटलेले दोन खडे मी खिशातून काढून दिले. विहिरीचं पाणी गुलाबी होतंच. आक्काच्या तांब्यात खडे पडले तसं तेही गुलाबी झालं. चाचांनी पान लावायला घेतलं.

पान खाऊन व्हायच्या आत आक्काचं पाणी मळकट झालं. मग पिवळट. मग गुलाबी रंगाचा मागमूस राहिला नाही, तळाशी तपकिरी गाळ बसला. शेजारचा विहिरीचा तांब्या जसाच्या तसा होता.

याचा अर्थ तिथे दोघांनाच कळला होता, मला आणि त्यांना. मी बोललो नसतो. ते गप्प राहिले असते, तुरटीचा दगड कमी पडला म्हणाले असते, तर गावाने मान्य केलं असतं. तोंडातलं पान त्यांनी बाहेर टाकलं. समोर आक्का उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, लेक जाऊन चौथा दिवस. तिने लेकाला दुखण्यात कुठलं पाणी पाजलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"घाण रंग खास," चाचा म्हणाले. घाण रंग खाते. "हाई पानी मनी तुरटीनी निवाडेल शे. देखा, कितली घाण शे. तुरटी पानी निवाडस. मरी मारस नही. मी तुमले इतला साल खोटं सांगं."

गर्दी आक्काकडे वळली. पाटीलही वळले. मला वाटलं, आता म्हातारी काय म्हणेल त्यावर या माणसाचं गावातलं राहणं ठरणार. आक्का पुढे आली आणि दोन्ही तांब्यांत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुले माहीत नव्हतं, कासम," ती म्हणाली. "मले बी नव्हतं. आते माहीत शे. दोर दे."

तिने विहिरीत पोहरा सोडला, गुलाबी पाण्याने घडा भरला आणि घरी नेला. तिच्यामागे बाकीच्या बायका आल्या. नाल्यातले झिरे त्याच दुपारी पुरुषांनी बुजवले. त्यानंतर आळीत आणखी एक म्हातारा गेला, तो आधीपासूनच पडून होता. पुढे कुणी गेलं नाही.

महिनाभर चाचा रोज विहिरीवर येऊन रंग बघत. मी पुडी न्यायचो, ते गावाला हाक मारायचे, आणि मग सगळ्यांसमोर ती पडायची. तुरटी त्यांनी विकायची सोडली नाही, फुकट खडा द्यायचीही नाही. देताना मात्र बाईला थांबवून म्हणायला लावत, आधी निवळीन, मग उकळीन. जी म्हणणार नाही तिला खडा मिळत नसे. त्यांच्या शिस्तीपुढे माझी शाळा म्हणजे जत्रा होती.

तीन वर्षांनी माझी बदली धुळ्याकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं की माझी बोटं बघूनही तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत. ते हसले. तुमचं नाव घेतलं असतं तर लोकांनी तुम्हाला बडवलं असतं, म्हणाले, मग दुसऱ्यांदा औषध कुणी टाकलं असतं? मला वाटत होतं ते दया म्हणतील, माणुसकी म्हणतील. त्यांनी हिशेब सांगितला आणि मला तो अधिक आवडला.

मग मी म्हणालो, त्या दिवशी आक्काने मोठं मन दाखवलं. चाचा हंड्यातलं लुगडं काठीने खालीवर करत होते.

"आक्कानी मले माफ करं," ते म्हणाले. "मी आजून नही करं."