सांभाळायला कुणीतरी पाहिजे

मी परळीत वेबसाइट बनवते. हे सांगितलं की लोक विचारतात, परळीत कुणाला लागतात वेबसाइट? लागतात. मंगल कार्यालयाला लागते, दातांच्या डॉक्टरांना लागते, ठिबकचे पाइप विकणाऱ्यालाही लागते. माझी पहिली वेबसाइट मात्र आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाची होती. वडील थर्मलमध्ये, म्हणजे इथल्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि कामावरून आले की त्या वाचनालयाचं बघायचे. पुस्तकांची यादी त्यांच्या वहीत होती, ती मी चढवली. त्यांनी पडद्यावर ती वरून खालपर्यंत वाचली आणि दोन पुस्तकांची नावं चुकलीत एवढंच सांगितलं.

ज्या सॉफ्टवेअरवर मी हे सगळं करते ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातले लोक ते मिळून लिहितात. कुणीही ते फुकट घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, पाहिजे तसा बदलावा. काही अडलं तर एक फोरम आहे. तिथे प्रश्न टाकायचा, मग कुठल्यातरी देशातला कुणीतरी अनोळखी माणूस उत्तर देतो. अनेक वर्षं मी तिथे फक्त विचारणारी होते. माझं इंग्रजी कच्चं, त्यामुळे दुसऱ्याला उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

कंडक्टरकाका माझ्याकडे आले ते त्यांच्या मुलीमुळे. ती परळीत दिलेली, माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत राहते. काका वडवणीचे. सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी एक वेगळंच काम काढलं होतं. ज्या ज्या थांब्यावर त्यांनी घंटी मारली, त्या प्रत्येक थांब्याबद्दल त्यांना लिहायचं होतं. फाट्यावर कुठलं झाड होतं, बाजाराच्या दिवशी तिथून कोण काय घेऊन चढायचं, गावाला ते नाव कसं पडलं असं लोक सांगायचे. तीन वह्या भरल्या होत्या.

"पुस्तक कामून नाही काढत?" मी विचारलं.

"पुस्तक छापलं की संपलं," ते म्हणाले. "मला तर रोज नवीन आठवतंय."

मी त्यांना वेबसाइट करून दिली. टायपिंगसाठी एक छोटं प्लगिन जोडलं. प्लगिन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून लावायचा जोड. या जोडामुळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. काकांना इंग्रजी कीबोर्ड पाठ होता, आणि मुलीनं दिलेला जुना कॉम्प्युटर घरी होता. ते एका बोटानं लिहायचे, पण आठवड्याला एक थांबा नेमानं चढायचा. हळूहळू वाचणारेही मिळाले. धर्मापुरीच्या पानावर त्यांनी देवळापेक्षा देवळाकडे जाणाऱ्या बसमधल्या माणसांबद्दल जास्त लिहिलं होतं. त्याखाली पुण्यात राहणाऱ्या एका बाईनं लिहिलं, की त्या गर्दीत डोक्यावर टोपलं घेऊन उभी असलेली म्हातारी माझी आजी असणार. काकांनी मला फोन करून ते दोनदा वाचून दाखवलं.

मग सॉफ्टवेअर बदललं. आधी लिहायला एक मोठी रिकामी चौकट असायची, वहीच्या पानासारखी. नवीन आवृत्तीत प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो वेगळा ठोकळा झाला. फोरमवर त्यावरून बरीच धुसफुस झाली, आणि खरं सांगायचं तर मीही वैतागले होते. मी क्लासमध्ये शिकलेली प्रोग्रॅमिंगची भाषा एक, आणि हे ठोकळे दुसऱ्याच भाषेत लिहिलेले. चाळिशीकडे झुकताना पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं.

काकांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. त्यांचं म्हणणं असं, की आता लिहिलं की इंग्रजीच उमटतंय. मी तपासलं. टायपिंगचं प्लगिन जुन्या चौकटीसाठी बनलेलं होतं, ठोकळ्यांत ते चालत नव्हतं. मी त्यांना तात्पुरती जुनी चौकट परत आणून दिली आणि प्लगिनच्या पानावर गेले, नवीन आवृत्ती आली असेल म्हणून. तिथे बनवणाऱ्यानं दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: मला आता वेळ मिळत नाही, हे सांभाळायला कुणीतरी पाहिजे, इच्छा असेल त्यानं कळवावं.

मी आठवडाभर ते पान रोज उघडून बघत होते. कुणीतरी पुढे येईल असं वाटत होतं. कुणी आलं नाही. मग मीच पत्र लिहिलं. आधी इंग्रजीत लिहून खोडलं, आणि देवनागरीचं प्लगिन लिहिणाऱ्याला मराठी कळेल असं धरून मराठीतच पाठवलं.

बनवणारे गोव्यातले एक शिक्षक निघाले. त्यांच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्यांनी ते प्लगिन लिहिलं होतं, मुलांना कोकणीत टाइप करता यावं म्हणून. आता ते मुख्याध्यापक झाले होते आणि कोडपेक्षा शाळेच्या छपराची काळजी जास्त करत होते. मी कळवलं की मला नवी भाषा येत नाही, मी एका तालुक्याच्या गावात साध्या वेबसाइट बनवते. त्यांचं उत्तर फार छोटं होतं. ज्याला ते वापरणारी माणसं माहीत आहेत त्यानंच ते सांभाळावं, बाकीचं शिकता येतं, असं त्यांनी लिहिलं, आणि प्लगिनच्या चाव्या, म्हणजे त्यात बदल करायचा अधिकार, माझ्या नावे करून दिल्या.

दोन महिने मी शिकले. सकाळी डबे करून झाले की ऑफिसला जायच्या आधी एक तास. फोरमवर इतके बाळबोध प्रश्न विचारले की आता वाचले तरी लाज वाटते. शेवटी प्लगिन ठोकळ्यांत चालायला लागलं. माझ्या कॉम्प्युटरवर ते नीट चाललं, आणि त्याच दुपारी मी ते सगळ्यांसाठी सोडलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पहिली तक्रार आली. नेपाळमधल्या एका शाळेच्या शिक्षिकेनं लिहिलं होतं, की आमच्या प्रवेशाचे फॉर्म उघडत नाहीत. तासाभरात आणखी तीन तक्रारी आल्या. मग काकांची मुलगी ऑफिसात आली. म्हणाली, बाबांच्या वेबसाइटवरचे फोटो गेलेत.

चूक माझीच होती. जुनं पान नुसतं उघडून पुन्हा जतन केलं तरी माझं प्लगिन त्यातली सगळी इंग्रजी अक्षरं देवनागरी करत होतं. फोटोंचे पत्ते, फॉर्मचे पत्ते, सगळं. पत्ताच बदलल्यावर फोटो कुठून दिसणार? त्या सकाळी काकांनी नव्या ठोकळ्यांत सगळं नीट दिसतंय ना, हे बघायला आपली सगळी पानं एकेक करून उघडली आणि जतन केली होती. मी सांगितलं होतं म्हणून.

मी ती आवृत्ती मागे घेतली. फोरमवर लिहिलं की चूक माझी आहे, मी नवीन आहे, पानं कशी दुरुस्त करायची ते शोधते आहे, तोवर कुणी काही जतन करू नका. मला वाटलं लोक तुटून पडतील. एकजण चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. पण थोड्या वेळानं हंगेरीतल्या एका बाईनं उत्तर दिलं. तिला देवनागरीतलं एकही अक्षर कळत नव्हतं. तिनं माझा कोड वाचला, चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते दाखवलं, आणि आठवण करून दिली, की हे सॉफ्टवेअर प्रत्येक पानाची आधीची प्रत जपून ठेवतं. त्या प्रती परत कशा आणायच्या त्याचा छोटा प्रोग्रॅमही तिनं लिहून दिला. शेवटी लिहिलं होतं, की माझ्या पहिल्या वर्षी मी एका ग्रंथालयाची पूर्ण सूची पुसली होती.

बाकीच्यांची पानं त्या प्रोग्रॅमनं परत आली. काकांकडे मी स्वतः गेले. वडवणीला उतरले तेव्हा आठवडी बाजार भरला होता, वाट काढत घरापर्यंत जायला वेळ लागला. काकांनी पाणी दिलं, काकूंनी चहा टाकला. मी खाली मान घालून म्हणाले, "काका, माझ्यामुळं झालं हे. मी नीट तपासलं नव्हतं."

त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका बाईला चुकीच्या फाट्यावर उतरवलं होतं. दोन फाट्यांची नावं सारखीच ऐकू यायची. ती बाई लेकरू काखोटीला मारून, गाठोडं घेऊन उन्हात माघारी चालत गेली. त्यांना हे दुसऱ्या दिवशी डेपोत कळलं.

"मग काय केलं तुम्ही?"

"आठ दिवस त्या फाट्यावर खाली उतरून बघत व्हतो. नवव्या दिवशी भेटली. मी माफी मागितली. ती म्हणली, माफी राहू दे, उतरवायच्या आधी एकदा इच्यारत जा." काका कॉम्प्युटरसमोरची खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तवापासून मी इच्यारायचो. लोक हसायचे. बस माय, कर सुरू."

संध्याकाळच्या बसपर्यंत सगळे फोटो परत आले. एका थांब्याचा फोटो त्यांनीच परत लावू दिला नाही. म्हणाले, तो तसाही हाललेला होता.

पुढची आवृत्ती सोडायच्या आधी मी विचारलं. नेपाळच्या शिक्षिकेला, फोरमवरच्या त्या चिडलेल्या माणसाला, आणि काकांना. तुम्ही आधी वापरून बघाल का? तिघेही हो म्हणाले. चिडलेला माणूस इंदूरचा एक प्रूफरीडर होता आणि त्यानं शुद्धलेखनाच्या इतक्या चुका काढल्या की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. काका तर सगळ्यांत पक्के निघाले. कंडक्टर रोजचा तक्ता भरतो तशा कागदावर त्यांनी नोंदी केल्या होत्या: किती वाजता काय दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. मी त्याचं इंग्रजी करून फोरमवर टाकलं. हंगेरीतल्या बाईनं विचारलं, हा परीक्षक कुठल्या कंपनीत होता? मी लिहिलं, एस.टी. महामंडळात. तिला ते कळलं की नाही कोण जाणे.

प्लगिनच्या पानावर मदत करणाऱ्यांची यादी असते, त्यात मी काकांचं नाव घातलं. त्यांना दाखवलं तर ते संकोचले. "मी कोड कुठं लिहिला?" मी सांगितलं, की त्या यादीत निम्म्या लोकांनी कोड लिहिलेला नसतो. कुणी भाषांतर केलेलं असतं, कुणी लोकांना उत्तरं दिलेली असतात. ते ऐकून त्यांनी चष्मा लावला आणि ती सगळी यादी, परकी नावंसुद्धा, अक्षर जुळवत वाचली.

बीडला आम्ही हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक मेळावा घेतला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. खुर्च्या पुष्कळ होत्या, माणसं अकरा आली. त्यात काका होते. दोन पोरी अंबाजोगाईहून आल्या होत्या, त्यांना ठोकळ्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली येत होती. मला जिथे महिना लागला ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत करून दाखवलं. मी माझा लॅपटॉप मिटून ठेवला. मग त्यांतल्या एकीनं विचारलं, मॅडम, प्लगिनमध्ये आम्ही काही करू शकतो का? आणि मला एकदम हलकं वाटलं.

आता काका ठोकळेच वापरतात. जुन्या चौकटीचं नाव काढलं तर म्हणतात, त्यात थांबा मागंपुढं करता येत नव्हता, आता उचलला की सरकतो. कुरकुर उरली आहे ती माझीच. टायपिंगही लोक सोडत चाललेत. फोनला सांगितलं की तो मराठी लिहितो. काकांच्या मुलीनं त्यांनाही तसा फोन दिला. मला वाटलं, चला, आपल्या प्लगिनचं काम संपत आलं, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. मी विचारलं, बोलून लिहिणं जमतंय का. म्हणाले, लई झकास हाय, पण अर्धंच. "त्याला वडवणी कळतं, परळी कळतं. वस्त्यांची नावं काय त्याला माहीत न्हाईत. भलतंच लिहितो. ती मी हातानंच टाकतो." मग त्यांनी प्लगिनच्या नवीन आवृत्तीतल्या 'ळ'ची एक चूक सांगितली, वेळेसकट, आणि मी ती लिहून घेतली.