सुक्या बांगड्याचा वास
परवा फिलिपिन्सच्या एका बेटावर फिरताना किनाऱ्यालगत बांबूच्या मांडवावर मासळी सुकत घातलेली दिसली, आणि तो वास नाकात शिरताच मला दुबईजवळच्या अजमानमधली खोली आठवली. तिथे आम्ही दोघी बेडस्पेस, म्हणजे एकेका खाटेपुरती जागा, भाड्याने घेऊन राहायचो, मी रत्नागिरीची आणि ती सलूनमध्ये काम करणारी फिलिपिनो. ती मोबाईलवर तिच्या गावचे असेच मांडव दाखवायची, आणि मी म्हणायची, अगदी आमच्याकडच्यासारखे! एका दुपारी ती ड्यूटीवर असताना मी आईने पाठवलेला सुका बांगडा भाजून खाल्ला. वास पार लिफ्टपर्यंत गेला. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून मालकाचा माणूस दारात आला. "ये फिलिपिनो का काम है ना?" त्याने विचारलं. माझ्या बोटांना अजून वास होता. मी हात ओढणीत लपवले आणि म्हटलं, "पता नहीं." त्याला तेवढं पुरलं. "खलास, उसको बोलो, रूम खाली करे." जाताना तिने तिच्याजवळचं सुक्या मासळीचं पुडकं माझ्या हातात ठेवलं. "तुला आवडतं ना," एवढंच म्हणाली. परवा त्या मांडवाजवळच्या म्हातारीने हसून एक मासळी माझ्यापुढे धरली, आणि माझे हात आपोआप ओढणीत गेले.